पडद्यावरचं नाव हा कामाचा दाखला आहे

मराठी चित्रपटाच्या शेवटी वर सरकत जाणारी नावं टाइप करण्याचं काम मी काही वर्षं केलं आहे. अंधेरीतल्या एका संकलन कक्षात मी सहायक होते, आणि नामावली हे सहायकाच्याच गळ्यात पडणारं काम. निर्मितीच्या ऑफिसातून यादी यायची ती रोमन लिपीत, व्हॉट्सअ‍ॅपवर, बहुतेक वेळा रात्री दहानंतर आणि नेहमी शेवटच्या आठवड्यात. ती देवनागरीत उतरवायची. इंग्रजी स्पेलिंगात काळे आणि काले सारखेच दिसतात, माने आणि मने सारखेच, गोळे आणि गोले सारखेच. दीडशे माणसांपैकी निम्मी तोवर दुसऱ्या शूटिंगवर गेलेली असतात. कुणाचा फोन लागत नाही, कुणाचा नंबरच यादीत नसतो. मग अंदाज करायचा.

एकदा माझा अंदाज चुकला. लाइट डिपार्टमेंटमधल्या एका काकांच्या आडनावातला ‘ळ’ माझ्या हातून ‘ल’ झाला. चित्रपट लागल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. एवढंच म्हणाले, “ताई, आता हे नाव दाखवून मी कुणाला सांगू की हा मीच?” मी निर्मितीच्या ऑफिसात विचारलं. थिएटरांना फाइली गेल्या आहेत, आता एका अक्षरासाठी कोण बदलणार, असं उत्तर मिळालं.

त्यांचा प्रश्न मला तेव्हा पुरता कळला नव्हता. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलंय. वाटलंच असणार. पण ते विचारत होते पुराव्याचं. लाइटमन, सेटिंगवाले, स्पॉटदादा, ड्रेसदादा, मेकअपचे मदतनीस यांच्या हातात नेमणुकीचं पत्र क्वचितच पडतं. काम तोंडी ठरतं. पैसे दिवसाच्या हिशेबाने व्हाउचरवर सही घेऊन मिळतात आणि व्हाउचर राहतं निर्मितीच्या फायलीत. शूटिंग संपलं की युनिट पांगतं. अनेकदा त्या एका चित्रपटापुरती उभी केलेली कंपनीसुद्धा नंतर उरत नाही. अनुभवाचं प्रमाणपत्र मागायचं तरी कुणाकडे? म्हणून या माणसांच्या मोबाइलमध्ये काही फोटो जपून ठेवलेले असतात. थांबवलेला पडदा, त्यावर आपलं नाव, आणि नावाभोवती बोटाने ओढलेला लाल गोल. नवं काम मागायला गेलं की तो फोटो पुढे करायचा. कारखान्यात किंवा ऑफिसात पगाराची स्लिप जे सिद्ध करते, ते या धंद्यात ती एक ओळ सिद्ध करते.

माझं म्हणणं त्यावरूनच आहे. नामावली ही निर्मात्याने मोठ्या मनाने केलेली मेहेरबानी नाही. तो कामाचा दाखला आहे, आणि तो पूर्ण, अचूक आणि वाचता येईल असा मिळणं हा काम करणाऱ्याचा हक्क असला पाहिजे. आज बहुतेकांना तो हक्क नाही.

आपल्याकडे नाव भांडून मिळवावं लागलं आहे, आणि तेही मोठमोठ्यांना. १९४९ साली ‘महल’मधल्या ‘आएगा आनेवाला’ची तबकडी आली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून नाव होतं ‘कामिनी’. कामिनी हे मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव. पडद्यावरचं पात्रच गातं, असं मानायची तेव्हा रीत होती. रेडिओवर गाणं लागलं, ही कोण गाते ते सांगा म्हणून श्रोत्यांची पत्रांवर पत्रं आली, तेव्हा कुठे रेकॉर्ड कंपनीकडून नाव घेऊन रेडिओवर लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. फिल्मफेअरचा पार्श्वगायनाचा पुरस्कारही लताबाईंच्या आग्रहानंतर, १९५९ साली सुरू झाला. ‘जंजीर’ची पोस्टरं १९७३ साली लागली तेव्हा त्यांच्यावर लेखकांचं नाव नव्हतं. सलीम-जावेद यांनी स्वतः पैसे देऊन रंगारी धरला आणि मुंबईतल्या पोस्टरांवर एका रात्रीत आपली नावं रंगवून घेतली. रंगाऱ्याला जिथे जागा दिसली तिथे त्याने ब्रश चालवला, कुणाच्या चेहऱ्यावर, कुणाच्या हातावर. पुढे पोस्टरवर लेखकाचं नाव येऊ लागलं त्यामागे ती रात्र आहे.

या दोन्ही गोष्टी आपण रंगवून सांगतो. पण त्यांत एक गोष्ट सुटते. लताबाईंचा आवाज ऐकून पत्रं लिहिणारे लोक होते. सलीम-जावेद यांच्याकडे रंगाऱ्याला द्यायला पैसे होते आणि पुढचा चित्रपट अडवून धरण्याइतकी ताकद लवकरच येणार होती. ज्याच्या कामाला आवाजही नाही आणि चेहराही नाही, त्याच्यासाठी पत्र कोण लिहिणार?

नाव मिळालं म्हणजे सगळं मिळालं असंही होत नाही. नामावलीतल्या ओळीला दोन बाजू असतात. एकीकडे नाव, दुसरीकडे काम. कामाची बाजू खोटी पडली तर नाव असूनही दाखला खोटा ठरतो. याचं मला सर्वांत बोचणारं उदाहरण गोव्याच्या वादकांचं वाटतं. चर्चच्या शाळांमधून स्वरलिपी शिकलेले हे लोक मुंबईला आले आणि हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद त्यांनी उभा केला. संगीतकाराला चाल सुचायची. त्या चालीखाली कोणत्या वेळी किती व्हायोलिनं वाजतील, चेलो कुठून शिरेल, दोन कडव्यांमधल्या जागेत काय भरायचं, हे अरेंजर बसून लिहायचा, एकेका वाद्याचा कागद वेगळा. शंकर-जयकिशन यांच्या कित्येक गाण्यांचा भरदार वाद्यमेळ सेबॅस्टियन डिसूझा यांनी रचलेला आहे. पडद्यावर मात्र ओळ यायची ती ‘सहायक: दत्ताराम, सेबॅस्टियन’ अशी. दत्ताराम वाडकर हेही गोव्याचेच. तालाची बाजू त्यांची, आणि ‘दत्ताराम ठेका’ या नावाने वादक आजही त्यांचा ठेका ओळखतात. सहायक या एका शब्दात ठेका बांधणारा, वाद्यवृंद रचणारा आणि हार्मोनियम उचलून ठेवणारा मुलगा असे तिघेही मावतात. मग पन्नास वर्षांनी एखाद्या अभ्यासकाने ती नामावली वाचली तर त्याला काय कळणार?

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे असेच एक. मोठे अरेंजर, व्हायोलिनवादक, प्यारेलाल यांचे गुरू. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त प्यारेलाल यांनी गुरूचं नाव गाण्यात आणलं. अमिताभ बच्चन अंड्यातून बाहेर येऊन ते नाव घेतात आणि सगळा देश ते गुणगुणतो. शिष्याने गुरूला दिलेलं असं श्रेय दुसरं मला माहीत नाही. तरी हे एका खऱ्या, हयात माणसाचं नाव आहे हे गाणं गुणगुणणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं? बहुतेकांनी ते पात्राचंच नाव समजलं. ‘कामिनी’ची गोष्ट अशी उलट्या दिशेने पुन्हा घडली.

नाव आणि काम यांची जोडी चुकली तर नुकसान होतं, हे न्यायालयानेही मानलं आहे. २००६ साली गायिका नेहा भसीन दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. ‘आर्यन’ चित्रपटातल्या एका गाण्यात मुख्य स्त्रीस्वर त्यांचा होता आणि श्रेयात त्यांना मागच्या साथीच्या गायिकेची जागा दिली होती. नाव होतं, पण कामाची ओळ चुकीची होती. न्यायालयाने ध्वनिमुद्रण ऐकलं आणि मुख्य गायिका म्हणून त्यांचं नाव दिल्याशिवाय विक्री करू नये असा आदेश दिला. या निकालाचं महत्त्व मला असं वाटतं की इथे कुणी नाव वगळलं नव्हतं, तरीही अन्याय झाला असं ठरलं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण खरी गाठ तिथे आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ निर्माता असतो. दिग्दर्शकही नाही, छायालेखकही नाही. पटकथालेखक, गीतकार, संगीतकार आपापल्या कृतीचे कर्ते असतात, आणि कलम ५७मुळे त्यांना ही कृती माझी आहे असं म्हणण्याचा हक्क आहे. २०१२च्या दुरुस्तीने कलावंतांनाही, म्हणजे नट, गायक, वादक यांना, आपल्या सादरीकरणाचे कलावंत म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क मिळाला. इथवर सगळं चांगलं. पण त्याच दुरुस्तीत कलावंताच्या व्याख्येला एक परंतुक जोडलं गेलं. त्याचा अर्थ असा: चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत किंवा अन्य कुठे दिलं जात नाही, तो कायद्याच्या दृष्टीने कलावंतच नाही. आपल्या कामाची मोडतोड झाली तर तक्रार करण्यापुरता तेवढा तो कलावंत धरला जाईल.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचलं. ज्युनिअर आर्टिस्टला, म्हणजे गर्दीत उभ्या राहणाऱ्या नटाला, आपलं नाव मागण्याचा हक्क का नाही? कारण तो कलावंत नाही. तो कलावंत का नाही? कारण त्याचं काम किरकोळ, आणि रिवाजाने त्याचं नाव दिलं जात नाही. नाव नाही म्हणून हक्क नाही आणि हक्क नाही म्हणून नाव नाही. रिवाज कोण ठरवतं, तर निर्माता. म्हणजे ज्याच्याविरुद्ध हक्क हवा, त्याच्याच सवयीवर कायद्याने तो हक्क टांगून ठेवला. एवढी वजनदार गोष्ट ज्या नामावलीवर अवलंबून आहे, ती कशी असावी याबद्दल मात्र कायदा गप्प आहे. आणि लाइटवाले, सेट उभारणारे, फोली करणारे म्हणजे पावलांचे-वस्तूंचे आवाज मागाहून भरणारे, रंगभूषाकार हे तर कर्तेही नाहीत आणि कलावंतही नाहीत. त्यांच्यासाठी परंतुकसुद्धा नाही.

पडद्यावर काय दाखवायचं हे सरकारला सक्तीने ठरवता येत नाही, असंही नाही. तंबाखूचं दृश्य असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तीस-तीस सेकंदांचा आरोग्यसंदेश दाखवावा लागतो. प्राण्यांचा वापर असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते आणि कुठल्याही प्राण्याला इजा झालेली नाही अशी पाटी येते. दोन्ही नियम योग्य आहेत, मला ते हवेच आहेत. बैलाला इजा झाली नाही हे आपण प्रेक्षकाला सांगतो, तर त्या बैलाला सहा तास उन्हात धरून उभ्या राहिलेल्या माणसाचं नावही सांगायला हवं, इतकंच मी म्हणते.

नामावली नीट असण्याचा आणखी एक उपयोग आहे आणि तो कुणी फारसा बोलून दाखवत नाही. कुणाला काम मिळालं नाही, हेही तिच्यातून दिसतं. जुन्या हिंदी-मराठी चित्रपटांच्या नामावल्या एकापुढे एक लावून पाहा. ‘रंगभूषा’पुढे पुरुषांची नावं, बाई असलीच तर ‘केशभूषा’पुढे. हा योगायोग नव्हता. मुंबईतल्या संबंधित संघटनेचा नियमच होता की बाईला केशभूषाकार म्हणून सभासद करून घ्यायचं, रंगभूषाकार म्हणून नाही. जवळजवळ सहा दशकं हा नियम चालला. रंगभूषाकार चारू खुराना यांनी दाद मागितली आणि नोव्हेंबर २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. साठ वर्षं आपण ती अक्षरं पडद्यावर पाहत होतो. वाचत नव्हतो.

आणि त्याहून जुन्या काळाचं? मूकपट तर बहुतेक नष्टच झाले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जे थोडं वाचलं आहे त्यात अर्धीमुर्धी रिळं आहेत. कुणी काय केलं याचा शोध घेणाऱ्यांना अनेकदा थिएटरात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकांवर आणि घरच्यांच्या आठवणींवर भिस्त ठेवावी लागते. दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडत होत्या, रसायनं मिसळत होत्या, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत होत्या आणि वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक करत होत्या, हे आपल्याला अशा आठवणींतूनच कळलं. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’बद्दल फाळक्यांचं नाव प्रत्येक शाळकरी मुलाला येतं. सरस्वतीबाईंचं नाव कळायला आठवणी सांगणारं कुणी असावं लागलं. ज्यांच्या घरी असं कुणी नव्हतं, त्यांचं काही उरलं नाही.

एवढी नावं कोण वाचतो, हा आक्षेप नेहमीचा. मराठी माणसाने तो घ्यावा याचं मला नवल वाटतं. आपल्याकडे व्यावसायिक नाटकात पडदा वर जाण्याआधी नेपथ्य कुणाचं, प्रकाश कुणाचा, संगीत कुणाचं हे माइकवरून सांगतात आणि तेवढा वेळ आपण कुरकुर न करता बसतो. रविवारच्या पेपरातल्या नाटकाच्या जाहिरातीतही ती नावं असतात. त्याही मागे जा. अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा येते, शाहीर पोवाड्याच्या शेवटी आपलं नाव गुंफतो. ही आपली शेवटची पाटीच आहे. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या जनाबाईंनी ‘नामयाची जनी’ अशी सही केली, म्हणून सातशे वर्षांनी तो अभंग तिचा आहे हे आपण जाणतो. ती ओळ लांबली म्हणून कुणी गाळली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मग काय वाट्टेल त्याचं नाव घालायचं? नाही. उलट आज जी खोटी भरती होते तीही थांबली पाहिजे. सुरुवातीला संथ संगीतावर चाळीस-पन्नास नावांचे ‘विशेष आभार’ येतात. त्यांत नगरसेवक असतात, पाहुणे असतात, ज्यांनी हॉल स्वस्तात दिला ते असतात. ही नावं सावकाश येतात. ज्यांनी पन्नास दिवस काम केलं त्यांची नावं शेवटी बारीक अक्षरांत, तीन रांगांत, डोळ्यांना पकडता येणार नाही अशा वेगाने जातात. मी स्वतः हा वेग वाढवलेला आहे, नामावली दोन मिनिटांत बसव असं सांगितल्यामुळे. मंगलाष्टकाच्या आधी आहेर वाचून दाखवावेत आणि मांडव घालणाऱ्याला मागच्या दाराने पाठवावं, तसं ते आहे.

घरी पाहताना तर तेवढंही राहिलेलं नाही. ओटीटीवर नावं सुरू होताच चित्र आकसून कोपऱ्यात जातं आणि पुढच्या भागाची उलटी मोजणी सुरू होते. प्रेक्षकाने काही दाबलेलं नसतं. रिमोट शोधून नामावली परत मोठी करावी लागते. हे उलट असायला हवं. ज्याला नको त्याने बटण दाबून पुढे जावं, पण न सांगता कुणाच्या कामाची ओळ पुसू नये.

हे बदलायला फार काही लागत नाही. १९८३च्या प्रमाणन नियमांत सेन्सॉरकडे अर्ज करताना कथासार आणि गाण्यांच्या शब्दांबरोबर संपूर्ण श्रेयनामावली जोडायची अट होती. म्हणजे सरकारदरबारी ही यादी मागायची कल्पना नवी नाही. ती यादी विभागवार, प्रत्येकाच्या कामाच्या खऱ्या नावासह आणि सहीसह घेतली जावी आणि लोकांना पाहता येईल अशी ठेवली जावी. आपलं राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. अनुदानाच्या अर्जाला ही अट घालायला दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. नाव कसं लिहायचं हे ज्याचं त्याने शूटिंगच्या पहिल्या दिवशी देवनागरीत स्वतःच्या हाताने लिहून द्यावं. माझ्यासारख्या सहायकावर रात्री अकरा वाजता ‘ळ’ की ‘ल’ असा जुगार खेळायची वेळ येऊ नये. आणि चित्रपट कामगारांच्या संघटनांनी मजुरीच्या दराइतक्याच जोराने ही मागणी धरावी. अमेरिकेत पटकथेचं श्रेय वादात पडलं तर निर्णय लेखकांची संघटना देते, निर्माता नाही. तिथे दोन लेखकांच्या नावांमध्ये कोणतं ‘आणि’ छापायचं, यालासुद्धा नियम आहे. ‘&’ हे चिन्ह म्हणजे दोघे जोडीने लिहितात, ‘and’ असं शब्दात लिहिलं तर दोघांनी वेगवेगळं लिहिलं. हे त्यांना आपोआप मिळालेलं नाही, करार करून घेतलेलं आहे.

उशीर झाला म्हणून चूक दुरुस्त होत नाही, हेही खरं नाही. पटकथालेखक डाल्टन ट्रंबो यांना कम्युनिस्ट ठरवून हॉलिवूडने काळ्या यादीत टाकलं होतं. ‘रोमन हॉलिडे’ची कथा त्यांची, पण १९५३ साली पडद्यावर नाव आलं मित्राचं. ऑस्करही त्याच नावावर गेलं. ट्रंबो १९७६ साली वारले. २०११मध्ये, अठ्ठावन्न वर्षांनी, लेखकांच्या संघटनेने त्यांचं श्रेय त्यांना परत दिलं. आज तर फिल्मची प्रिंट नव्याने काढावी लागत नाही. ओटीटीवरचा चित्रपट ही एक फाइल असते. तक्रार आली तर दृश्य कापून रातोरात नवी फाइल चढवलेली आपण पाहिली आहे.

माझ्या हातून चुकलेला तो चित्रपट आजही ऑनलाइन आहे. मागच्या महिन्यात मी काकांना फोन केला आणि त्यांचं पूर्ण नाव त्यांच्याच अक्षरात लिहून मागवलं. वहीच्या रेघांच्या कागदावर, निळ्या पेनाने, ‘ळ’ जरा मोठा काढलेला. त्याचा फोटो, नामावलीतली चुकलेली ओळ आणि ती नेमकी कोणत्या सेकंदाला येते ते लिहून मी निर्मात्यांना पाठवलं आहे. दुरुस्त केलेली पाटी मी स्वतः बनवून देते, असंही लिहिलं आहे. उत्तराची वाट पाहते आहे.